पावडरीचा अर्धा तास

चाकूरजवळच्या त्या गावात पहाटे पाचचा नळ वस्तीचा. सहाला गल्लीतल्या बाया यायच्या, वस्तीचा विटाळ जावा म्हणून राखेनं नळ घासायच्या आणि मग आपल्या घागरी लावायच्या. "आमी त्यास्नी पहिलं पाणी देतो," असं गाव वर तोंड करून सांगायचं. वा रे उपकार!

लातूर जिल्हा नवा झाला, गावात पाणी शुद्ध करायचं केंद्रही आलं. विटाळ तेवढा जुनाच राहिला. त्यात दुष्काळ. पहाटे चारला वीज यायची तेव्हा पंप चालायचा आणि टाकी दिवसातून एकदाच भरायची. केंद्रावर शिवलिंग होता, गल्लीतल्याच लिंगायत घरातला, कामाला चोख. तुरटीनं गाळ बसवायचा, वाळूतून पाणी गाळायचा, पाचला टाकी भरली की ब्लिचिंग पावडर कालवायचा आणि लगेच नळाचं चाक फिरवायचा.

त्या आठवड्यात वस्तीत हगवण-वांत्यांनी तीन माणसं गेली. गल्लीत कुणाचं साधं पोटही दुखलं नाही. "त्यांचं ऱ्हाणंच घाण," गाव म्हणालं. शिवलिंगानंही मान डोलावली. खोटं कशाला सांगू?

तिसरी गेली ती वस्तीतल्या केवळाबाईची सहा वर्षांची नात. दुसऱ्याच दिवशी केवळाबाई भरली घागर घेऊन केंद्राच्या दारात उभी राहिली.

"अप्पा, माजं पाणी तपासा."

शिवलिंगानं काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"बघ बाई, पावडर हाय पाण्यात."

"मग लेकरू कशानं मेलं? गल्लीलाबी हेच पाणी हाय न्हवं?"

"हेच की. तुमच्या मागनं तासाभरानं..."

बोलता बोलता त्यानं हातातली नळी पुन्हा उजेडाला धरली. रंग आला म्हणजे पावडर पाण्यात आहे, एवढंच. जंतू मारायला तिला अर्धा तास द्यावाच लागतो. नांदेडच्या प्रशिक्षणात हे शिकवलं होतं आणि हा गडी तेच परीक्षेत लिहून पास झाला होता! गल्लीच्या पाण्याला तो वेळ आपोआप मिळत होता. वस्तीच्या पाण्याला पाच मिनिटंही मिळत नव्हती; तहानलेली लेकरं नळाखालीच ओंजळ धरायची. लाज वाटली त्याला, पार मेल्याहून मेल्यागत.

दुसऱ्या पहाटे पाचला पावडर कालवली, पण त्यानं चाकाला हात लावला नाही. साडेपाच वाजले तेव्हाच नळ सोडला. सहाला गल्लीतल्या बाया आल्या, तर वस्तीचं भरणं चालूच! एकच गिल्ला झाला. सगळ्यांत पुढं शिवलिंगाची आई, गुरम्मा.

"हाकल आधी ह्यांना!" ती ओरडली.

"न्हाई अव्वा. वस्तीच्या आन् गल्लीच्या घागरी संगंच लागतील."

सरपंच साहेबराव धावत आला. "लई शाना झाला का रं? केंद्राची किल्ली टाक. उद्यापास्नं दुसरा माणूस पाचलाच नळ सोडंल."

"घ्या किल्ली. पर हितं रजिस्टरात लिवा, पावडरीला वेळ न देता वस्तीला पाणी सोडायचा हुकूम माजा हाय. खाली सही करा."

"सही कशाला? गावाची रीत हाय ती."

"रीत हाय तर सही कराया भ्या कशाचं?"

वस्तीच्या साऱ्या बाया टक लावून बघत होत्या. साहेबरावानं पेन आपटला, शिव्या घालत निघून गेला. सही नाही आणि किल्लीही नाही. गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन माघारी फिरल्या.

"माज्या घराची पायरी चढू नगंस," जाता जाता गुरम्मा म्हणाली.

शिवलिंगाला भडभडून आलं. त्याला वाटलं, निदान केवळाबाई तरी दोन गोड शब्द बोलेल. तिनं घागर नळाखाली लावली.

"अप्पा, ह्यो अर्धा तास आठ दिसांमागं तुमच्यापाशी न्हवता का?"

 घागर भरून वाहायला लागली, तरी ती उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिली.