बाराच्या आत

बाबा रविवारी गेले. मंगळवारी सकाळी ब्रसेल्समधल्या आमच्या देशाच्या कार्यालयात मी त्यांचं टेबल आवरत होते, तेव्हा मसुदा आला. समुद्रात बुडत चाललेल्या बेटांशी युरोपने करायच्या कराराचा. त्यात बाबांचं वाक्य नव्हतं.

'ज्यांची जमीन समुद्र घेईल, त्यांना युरोप आसरा देईल.' एवढ्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले, इस्पितळातूनही. त्यांचा दफनविधी अजून व्हायचा होता आणि कुणीतरी ते वाक्य काढून टाकलं होतं. खाली नेहमीची ओळ: दुपारी बारापर्यंत हरकत आली नाही, तर मसुदा मंजूर. इथे गप्प बसणं म्हणजेच होकार. नकार मात्र एका देशाचाही पुरतो.

मी राजदूत मात्याझ यांच्या खोलीत गेले.

"साहेब, हरकत घ्यायची ना?"

"आज नको, नेझा. अकराला शोकसभा, सगळ्या देशांचे लोक येणार. तुझा बाबा, स्टाने, जन्मभर भांडला. आता तरी त्याला शांतपणे जाऊ दे."

"शांतता त्यांना हवीय की तुम्हाला?"

"तू दुःखात आहेस म्हणून ऐकून घेतोय. माझं भाषण झालं का लिहून? जरा डोळ्यांत पाणी आणणारं हवं हं."

"होतंय."

त्यांची भाषणं मीच लिहायचे. ते ती आधी कधीच वाचत नसत. आवाज भारदस्त, तेवढ्यावर भागायचं.

सभेत बाबांच्या फोटोपुढे मावशीने भाजलेली पोतित्सा, आमच्याकडची अक्रोडाची गोड पावरोटी, होती. "काय मऊ झालीय!" म्हणत सगळे खात होते. ज्यांनी वाक्य काढलं, तेही. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.

साहेब वाचू लागले. बाबांचं गाव, नदीतलं पोहणं. मग त्यांनी पान उलटलं. "'ज्यांची जमीन समुद्र घेईल, त्यांना युरोप आसरा देईल.' स्टानेचं हे वाक्य आज सकाळी मसुद्यातून काढलं गेलं. आमचा देश बाराच्या आत..."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. खाणारी तोंडंही थांबली.

पहिल्या रांगेतून बेटांच्या वयस्कर राजदूत लितिआबाई उठल्या. "वाचा ना पुढे. आम्ही ऐकतोय."

"...हरकत घेत आहे," साहेब म्हणाले.

लितिआबाई बसल्या नाहीत. साहेबांनी मोबाइल काढून तिथेच, सगळ्यांदेखत हरकत पाठवली, तेव्हाच त्या बसल्या.

बाहेर पडताना साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार."

मी वर गेले आणि खुंटीवरचा बाबांचा कोट तेवढा घेतला.