हेडमधले दोन स्टड

सत्यशीलाने ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावर जुनं चवाळं होतं आणि चवाळ्यावर मांजर झोपलेलं होतं. भुजंगरावांनी मांजराला हुसकावलं आणि चवाळं ओढलं. खाली लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी उघडी गाडी निघाली. एमजी. १९५२ची, विलायतेत बनलेली. हैदराबादेत नोकरी करत असताना मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली होती.

"शहात्तर सालापासून उभी आहे," भुजंगराव म्हणाले. "हेडचं गॅस्केट गेलं. तेव्हा मिळालं नाही, नंतर मन लागलं नाही. आता रिटायर झालोय. एकदा चालताना बघायची आहे."

हे १९९७च्या जानेवारीतलं. भुजंगराव बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करून निवृत्त झाले होते आणि नवीन जालन्यात राहत होते. सत्यशीला एमआयडीसीत वडिलांचं, तातेरावांचं, लेथ वर्कशॉप चालवायची. आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. तातेरावांचे गुडघे गेले, तेव्हापासून लेथ तिच्याच हातात होता. मिलचे रोल, पंपाचे शाफ्ट हे रोजचं काम. असली गाडी तिने कधी उघडली नव्हती, म्हणूनच तिने होकार दिला.

इंजिन जाम होतं. तिने प्लग काढून सिलिंडरांत डिझेल सोडलं आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी इंजिन फिरवायचं हँडल अर्धा फेरा फिरलं, आणि संध्याकाळपर्यंत इंजिन मोकळं झालं. दोन्ही कार्बोरेटर उघडून तिने त्यांतला राळेसारखा घट्ट झालेला पेट्रोलचा चिकटा काढला. गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड नावाचं झाकण यांच्यामधला पातळ पत्रा, हैदराबादच्या एका जुन्या दुकानातून आलं. वडिलांचे ऑइल इंजिनच्या काळातले इंची पाने गाडीच्या नटांना अगदी बरोबर बसत होते.

हेड बसवताना एक छोटी गोष्ट घडली. ताटलीतला एक नट एका स्टडवर, ब्लॉकमधून वर आलेल्या आट्यांच्या सळईवर, चढेना. तिने दुसरा घेतला, तोही चढेना. शोधता शोधता चढणारा नट सापडला. गंज असेल, असं म्हणून ती पुढे गेली.

फेब्रुवारीत इंजिन सुरू झालं. भुजंगराव खुर्चीतून उठून उभेच राहिले. पण दहा मिनिटांत रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले. सत्यशीलाने इंजिन बंद केलं.

"गॅस्केट खराब निघालं का?" त्यांनी विचारलं.

"गॅस्केट चांगलंय काका. हेड बसून न्हाई राह्यलं. कुठंतरी पकड कमीय."

गार झाल्यावर तिने एकेक नट पुन्हा आवळून पाहिला. बाकीचे सगळे हाताला कळेल असे घट्ट येऊन थांबत. मागच्या बाजूचे दोन मात्र आवळले की थोडे पुढे सरकत, पुन्हा आवळले की पुन्हा सरकत. तिने हेड परत उतरवलं आणि त्या दोन नटांचे स्टड ब्लॉकमधून काढले. ते हातानेच निघाले. शेजारचा एक स्टड काढायला मात्र तिला पाइप लावून जोर करावा लागला.

तिने आटे मोजायची पट्टी लावली. शेजारच्या स्टडवर मिलिमीटरची पट्टी चपखल बसली. या दोघांवर बसली ती इंचाची.

"हे बघा," ती म्हणाली, "या इंजिनाच्या नटाचं डोकं इंचाचंय आन् आटे मिलिमीटरचे. पाना इंची बसतो, मंग मानसाला वाटतं आटेबी इंचीच. हे दोन कुणीतरी बाहेरून आणून बसवलेत. जाडीला जरा बारीक, त्यामुळं आत गेले आन् पुढं जाऊन अडकले. घट्ट झाल्यासारखं वाटलं, पर पकड दोन-तीन आट्यांचीच. इंजिन तापलं की हेड उचलणार. कुणी बसवले हे?"

भुजंगरावांनी दोन्ही स्टड हातात घेतले आणि आट्यांवरून अंगठा फिरवला.

"मी," शेवटी ते म्हणाले. "पंचाहत्तरच्या दिवाळीत. दोन स्टड तुटले होते. ऑइल इंजिनच्या दुकानातून आणले आणि मीच बसवले."

ते उठून घरात गेले. चहा घेऊन नंदाबाई बाहेर आल्या, त्यांच्या बायको. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. रेडिएटरमधलं पाणी आटून गाडी बंद पडली तेव्हा ती भुजंगरावांचे धाकटे भाऊ बद्रीनाथ चालवत होते. बद्रीनाथांचं लग्न चार दिवसांवर होतं. गाडी बैलांनी ओढत आणली आणि भरल्या मांडवात, सोयऱ्यांसमोर भुजंगराव त्यांना म्हणाले, पाणी बघायची अक्कल नाही, तुझ्या हातात बैलगाडीसुद्धा देऊ नये.

"भावजी तेव्हा सांगत होते, पाणी बघितलं म्हणून. कुणी ऐकलं न्हाई. भांडण असं काही झालं न्हाई, लग्नकार्यात येतात-जातात. पण यांच्या कुठल्या गाडीत पुन्हा बसले न्हाईत. एसटीनं येतात."

सत्यशीलाने ब्लॉकमधली खराब झालेली दोन छिद्रं मोठी केली, त्यांत धातूच्या छोट्या नळ्या, म्हणजे बुश, बसवले आणि लेथवर मिलिमीटरच्या आट्यांचे नवे स्टड काढले. या वेळी तिने प्रत्येक नट तीनदा तपासला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंजिन अर्धा तास चाललं. बुडबुडा आला नाही.

"रविवारी बद्रीकडे जाऊ," भुजंगराव म्हणाले. "तू चल. रस्त्यात काही झालं तर मला सुधरणार नाही."

गाव बदनापूरच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर होतं. रस्ताभर लोक वळून बघत होते, पण भुजंगरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. बद्रीनाथ शेतातल्या शेडपाशी दोरी वळत बसले होते. गाडीच्या आवाजाने त्यांनी मान वर केली आणि ते तसेच बसून राहिले.

भुजंगराव खाली उतरले. खिशातून ते जुने स्टड काढून त्यांनी भावापुढे धरले आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. कुठून आणले, कसे बसवले, गाडी का बंद पडली. "तुझी काही चूक नव्हती. माझी होती. तुला ते भरल्या मांडवात, सगळ्यांसमोर ऐकावं लागलं आणि हे मी आज इथे शेतात सांगतोय. हे पुरणार नाही, मला माहीत आहे."

बद्रीनाथांनी स्टड हातात घेतले नाहीत.

"तीन डाव पानी पाह्यलं व्हतं मी," ते म्हणाले. "बदनापुरात, नाल्यापाशी, आन् निघताना. मंग मलाच वाटाया लागलं, न्हाई बघितलं आसंल. दादा, माझ्या हिरीवरल्या मोटरीला मी एकवीस वर्षं हात न्हाई लावला. साधा फ्यूज गेला तरी मानूस बोलावतो."

भुजंगरावांनी स्टड परत खिशात ठेवले. सत्यशीला गाडीपाशी जाऊन उगाच बॉनेटचा पट्टा बघत राहिली.

थोड्या वेळाने बद्रीनाथ उठले, गाडीभोवती एक फेरी मारून आले. भुजंगरावांनी किल्ली पुढे केली.

"आज न्हाई," बद्रीनाथ म्हणाले. "जेवून जावा."

जेवताना ते पावसापाण्याचं, हरभऱ्याचं बोलले. परतीच्या वाटेवर भुजंगराव एवढंच म्हणाले, "जेवायला थांबवलं त्यानं."

पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, बद्रीनाथ एकटेच एमआयडीसीत सत्यशीलाच्या वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. एसटीने आले होते. तातेरावांनी त्यांना स्टूल दिलं, ते बसले नाहीत.

"त्या दिशी गाडी आली तवा एक आवाज ऐकला मी," ते म्हणाले. "हळू चालताना मधीच एक घास गिळल्यासारखा. दादाला न्हाई सांगितलं. कार्बोरेटर दोन हायेत ना तिला? दोन्ही सारखं वढत नसतील."

सत्यशीलालाही तो आवाज सलत होता, म्हणूनच तिने गाडी वर्कशॉपमध्ये आणून ठेवली होती. तिने हात पुसले.

"खरंय. मागचा कमी ओढतोय. मला आजून नीट जमलेलं न्हाई."

"मला कसं उघडायचं ते दाखवशील का?" बद्रीनाथांनी विचारलं, आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.