आधी पट्टा, मग मालिश

"खरं सांगा, हे आकडे मोजलेत की मनाने लिहिलेत?"

विद्यापीठातून आलेल्या डॉक्टरबाईंनी हे विचारलं तेव्हा वस्तादचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता. त्याने तो आधी बाजूला घेतला हे बरं केलं. गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून कान टवकारून ऐकू लागलं. सलूनमध्ये खासगी असं काही नसतंच.

"मनाने?" वस्ताद म्हणाला. "बाई, मी थापा मारतो, नाही असं नाही. पण त्या गिऱ्हाइकांना. विद्यापीठाला कशाला मारू?"

विद्यापीठाच्या आरोग्य विभागाने वस्तीतल्या सलूनवाल्यांना हाताशी धरलं होतं. पुरुषांना दवाखान्यात जायला वेळ नसतो, पण केस काही वाढायचे थांबत नाहीत. तेव्हा खुर्चीत बसलेल्याचं ब्लडप्रेशर तिथल्या तिथे मोजावं, ज्याचं जास्त त्याला दवाखान्यात धाडावं आणि आकडे विभागाला कळवावेत, अशी ती योजना. जन्मात कधी पुढच्या बाकावर न बसलेला वस्ताद त्या प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसला होता. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा बायकोने ते आरशाच्या वर टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या ह्यांना विद्यापीठाने बोलावलं होतं" असं इतक्यांदा सांगितलं, की शेवटी वस्तादलाच लाजल्यासारखं व्हायला लागलं.

आणि आता त्याच योजनेतून त्याचं नाव कापायची वेळ आली होती. बाकीच्या सलूनमध्ये कितीतरी लोकांचं प्रेशर चढलेलं निघत होतं. वस्तादकडे मात्र सगळे ठणठणीत. विभागात आकडेमोड बघणारे प्राध्यापक म्हणाले होते, हा माणूस घरबसल्या लिहितो, काढून टाका त्याला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आधी मी बघून येते.

वस्तादला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. कुणी त्याला केस वाकडे कापतोस म्हणालं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण खोटारडा म्हणजे फारच झालं.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "सगळा दिवस बसा. डोळ्यांनी बघा."

बाई बाकावर बसल्या. थोड्या वेळाने साडूभाऊ आला. वस्तादच्या मेव्हणीचा हा नवरा, बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. बाई विद्यापीठातल्या आहेत कळताच त्याची कळी खुलली.

"आमचं प्रेशर म्हणजे विशीतल्या पोराचं, बाई! या खुर्चीत कधी काही निघालंच नाही. घरी डोकं दुखतं अधूनमधून, पण ते आमच्या हिच्यामुळे."

वस्तादने त्याचे केस कापले. मग तळहातावर तेल घेतलं आणि डोकं, मान, खांदे असं सावकाश रगडायला सुरुवात केली. त्या कामात त्याचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. साडूभाऊचं बोलणं हळूहळू तुटक झालं, मग बंद पडलं आणि मग तो चक्क घोरू लागला. वस्तादने आवाज न करता त्याच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्राचं बटण दाबलं आणि आकडा बाईंना दाखवला. आकडा देखणा होता.

"बघा! मी काय लिहिलं मनाने?"

बाई आकड्याकडे बघतच नव्हत्या. त्या घोरणाऱ्या साडूभाऊकडे बघत होत्या.

"हे मालिश... सगळ्यांना करता? मोजायच्या आधी?"

"तर! तुम्हीच शिकवलंत ना, माणूस निवांत झाल्याशिवाय मोजायचं नाही म्हणून? बाकीचे नुसते बसवून ठेवतात. मी म्हटलं, विद्यापीठाचं काम आहे, आपण कशाला हात आखडता घ्या?"

बाईंना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. "अहो, पाच मिनिटं गप्प बसवा म्हटलं होतं आम्ही! तुम्ही तर माणसाला झोपवूनच टाकता!"

पुढच्या गिऱ्हाइकाचं त्यांनी दोनदा मोजायला लावलं. नुसतं शांत बसवून एकदा आणि मालिश झाल्यावर एकदा. आकडा चांगलाच खाली आला. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माणूस लबाड नाही, एवढं त्यांना विभागात जाऊन सांगता येणार होतं.

वस्ताद मात्र बाकावर मटकन बसला.

"बाई, लबाड ठरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी लोकांना सांगितलंय हो, जा, तुला काही झालेलं नाही. माझ्यावर भरवसा ठेवून गेलेत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साडूभाऊला बोलावून घेतलं आणि मालिश न करता पट्टा बांधला. आकडा भलताच चढलेला निघाला. परत मोजला. तोच.

"म्हणजे इतके महिने मला गंडवलंस?" साडूभाऊ खेकसला. "विशीतला पोरगा म्हणवून घेत फिरलो मी गावभर!"

"गंडवलं नाही, चुकलं माझं. शिव्या नंतर घाला, आधी दवाखान्यात चला."

"मी नाही येणार."

"मग मी मेव्हणीला सांगतो."

साडूभाऊ निमूटपणे दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि डोकेदुखीचं खापर बायकोवर फोडायची सोय कायमची गेली.

मग वस्तादने सलूनच्या दारावर रंगवून घेतलं : आधी पट्टा, मग मालिश. पण तेवढ्यावर त्याचं भागेना. ज्याला ज्याला त्याने ठणठणीत म्हटलं होतं, त्याच्या दारात तो यंत्र काखोटीला मारून गेला. "माझं चुकलं, परत मोजू द्या," एवढंच म्हणायचा. कुणी हसलं, कुणी झापलं, एकाने दार लावून घेतलं तर वस्ताद पायरीवर बसून राहिला. बायको म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "म्हणू देत. पण जिवंत राहून म्हणू देत." दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर हिंडू लागली.

वर्ष सरत आलं तेव्हा नव्या तुकडीला शिकवायला विद्यापीठाने वस्तादलाच बोलावलं. सभागृहात नवे सलूनवाले होते, आरोग्याचे विद्यार्थी होते, वस्तीतली माणसं होती. वस्तादने मालिशचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. लोकांची हसून पुरेवाट झाली. तेवढ्यात मधल्या रांगेतून आकडेमोडीचे प्राध्यापक उठले.

"तेव्हाही तुम्ही छातीठोकपणे सांगत होतात. मग आताचे आकडे खरे कशावरून?"

हसणं थांबलं. डॉक्टरबाई उठू लागल्या. वस्तादने त्यांना हातानेच थांबवलं.

"सर, तेव्हाचे आकडे चुकीचे होते, खोटे नव्हते. चूक कळल्यावर मी एकेकाच्या दारात जाऊन कबूल केली. मनाने लिहिणारा माणूस कुणाच्या दारात कशाला जाईल?"

"माझ्याकडे आला होता!" मागून साडूभाऊ ओरडला. "मी शिव्या घातल्या, पण म्हणून तर आज इथे बसलोय!"

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. वस्तादला काय करावं कळेना, तो उगाच टेबलावरचं यंत्र सरळ करत राहिला. प्राध्यापक माणूस मोठ्या मनाचा निघाला. ते स्वतःही टाळ्या वाजवत पुढे आले आणि बाही वर करत म्हणाले, "माझंही बघा मग. सगळ्यांसमोर बघा."

वस्तादने त्यांना खुर्चीत नीट टेकून बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले, हात टेबलावर ठेवला. "आता बोलायचं नाही," तो म्हणाला, आणि प्राध्यापकांबरोबर अख्खं सभागृह गप्प झालं. त्याने एकदा मोजलं. जरा थांबून परत मोजलं. मग खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

प्राध्यापकांचं हसू जागच्या जागी विरलं.

"किती आलं हो?" कुणीतरी मोठ्याने विचारलं.

"ते आमच्या दोघांतलं आहे," वस्ताद पट्टा सोडवत म्हणाला. "पुढचं कोण आहे, या."

खुर्च्या सरकल्या. लोक बाह्या वर करत रांगेला लागले. प्राध्यापकांना लगेच उठवेना. वस्तादने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते उठेपर्यंत रांगेला थांबवून ठेवलं.