सहाशे चौदा विरुद्ध नऊ

मक्यावरच्या लष्करी अळीची माहितीपुस्तिका मराठीत निघून अकरा महिने झाले, तेव्हा बीबी आणि सुलतानपूर या दोन गावांतून तिची इंग्रजी आवृत्ती इंटरनेटवरून सहाशे चौदा वेळा उतरवून घेतली गेली होती, आणि मराठी आवृत्ती नऊ वेळा.

हे आकडे चिन्मयने रेवतीला फोनवर वाचून दाखवले. पुस्तिका काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्ली कार्यालयात तो नोकरीला होता. रेवती बीबीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवी. मराठी अनुवाद तिचा. त्यात तिचे दीड वर्ष गेले होते.

"वाचकांनी निवड केलीय, मॅडम. मराठी आवृत्ती बंद करायचं ठरतंय. ‘स्थानिक मागणी नाही’ या पत्रावर अनुवादक म्हणून तुमची सही हवी. सोमवारपर्यंत."

"सही मिळणार नाही."

"आकडे तुमच्यासमोर आहेत."

"आकडे मान्य आहेत. निष्कर्ष मान्य नाही. इथं इंग्रजी सलग वाचणारी माणसं मी बोटांवर मोजून दाखवते. मग सहाशे चौदा प्रती कोण वाचतंय?"

"लोकांना इंग्रजीचं आकर्षण असतं."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला? अळीनं?"

चिन्मय हसला नाही. फोन ठेवल्यावर रेवतीने स्वतःलाही सोडले नाही. अनुवादच वाईट असेल, ही शक्यता उरत होती, आणि ती नाकारायला तिच्याजवळ पुरावा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावातल्या कडूबाच्या शेतावर गेली; त्याच्या घरी इंग्रजी पुस्तिका घेतल्याचे तिने ऐकले होते. त्याची बायको गीताबाई मक्याच्या शेंड्याचे पोंगे उघडून अळी शोधत होती.

"काकू, ती पुस्तिका तुम्ही इंग्रजीत का घेतली?"

"हिले एबीसीडी येत न्हाई, पण पुस्तक इंग्रजी पाह्यजे!" कडूबा बांधावरून म्हणाला.

"तुमी उगे राहा. तुमाले तरी कुठी येते?" गीताबाईने कमरेचा फोन काढला. "आधी तुमचीच घेतली होती, मॅडम. वाचली बी. बेस लिवलं हाये. पण ‘डोक्यावर उलट्या बेचक्यासारखी खूण, आकृती दोन पाहा.’ आता आकृती दोन कुठी पाहू?"

"पान बारावर."

"हाव? दाखवा मंग."

रेवतीने पान बारा उघडले. मजकूर होता आणि खाली कोरी जागा. ती शेवटच्या पानापर्यंत गेली; चित्र एकही नव्हते. तिच्या संगणकावरच्या प्रतीत तेवीस छायाचित्रे होती. प्रसिद्ध झालेली प्रत तिने अकरा महिन्यांत एकदाही उघडून पाहिली नव्हती. ही चूक तिची होती.

"इंग्रजीत समदे फोटो हायेत," गीताबाई म्हणाली. "टकुऱ्यावरचं बेचकं, शेपटीकडचे चार ठिपके. अळी फोटोजवळ धरतो अन् पाहतो. म्या बाजारात बायांले सांगतलं, मराठी घेऊ नका, बिनफोटोची हाये."

"आणि औषध किती घालायचं?"

"ते दुकानदार सांगते."

फवारणीचे प्रमाण, तोंड झाकण्याची सूचना, फवारणी कधी नकोच हे सांगणारे पान, सगळे रेवतीने मराठीत लिहिले होते, आणि ते कोणीच वाचत नव्हते. तिने बांधावरूनच चिन्मयला व्हिडिओ कॉल लावला. त्याने दहा मिनिटांत तपासून सांगितले.

"विकसनशील देशांच्या भाषांतल्या आवृत्त्या मंद इंटरनेटसाठी हलक्या करतात, मॅडम. चित्रं आपोआप निघतात. तुमच्या सोयीसाठीच आहे ते."

"माझा चेहरा दिसतोय तुम्हाला?"

"दिसतोय."

"मी मक्याच्या शेतात उभी आहे. यापुढे आमची सोय आम्हाला विचारून करा."

"नियम मुख्यालयाचा आहे."

"मग मुख्यालयालाच लिहिते."

एका बाईच्या सांगण्यावर लिहायचे नाही, एवढी शिस्त तिला होती. दोन दिवसांत तिने दोन्ही गावांतल्या एक्केचाळीस जणांना तोच प्रश्न विचारला. अडतीस जणांनी गीताबाईचेच उत्तर दिले. सोमवारी तिने पत्रातले ‘स्थानिक मागणी नाही’ हे शब्द खोडले, खाली स्वतःचा मजकूर लिहिला आणि त्याखाली सही केली:

"वाचकांनी इंग्रजी आवृत्ती छायाचित्रांसाठी घेतली, भाषेसाठी नव्हे. मराठी आवृत्तीतील तेवीसही छायाचित्रे मुख्यालयाच्या नियमाने वगळली गेली होती. त्यांच्याशिवाय अळी ओळखता येत नाही."