शिंगातून निघालेली गाठ

केडगाव स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंगळवारी मुंगीला शिरायला जागा नसायची. हौसराव महाराज रोग्याच्या पोटावर शिंग टेकवायचे, डोळे मिटून चोखायचे आणि ताटलीत लालकाळी गाठ थुंकायचे.

"बघा माउली, कुणीतरी खाऊ घातलेलं! डॉक्टराच्या दुर्बिणीला हे जन्मात दिसायचं न्हाई."

एवढं मात्र ते खरं बोलायचे.

म्हस्कूची आज चौथी खेप. वर्षभर त्याला शौचातून रक्त जात होतं. बाप आणि थोरला भाऊ पन्नाशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले. दौंडच्या डॉक्टर अनिताबाईंनी बजावलं होतं, "मामा, हा आजार घराण्यात चालत येतो. दुर्बिणीनं आतडं बघू. तुमच्या लेकीचं, पूनमचंही बघायला हवं." दुर्बीण कुठून घालतात ते कळल्यावर म्हस्कू जो उठला, तो थेट महाराजांच्या पायाशी.

लाजिरवाणी गोष्ट पुढंच आहे. निम्मं आयुष्य मेंढरांमागं घालवलेल्या म्हस्कूनं ती गाठ पहिल्याच मंगळवारी ओळखली होती. मेंढराच्या पांथरीचा, म्हणजे प्लीहेचा, तुकडा! तरी त्यानं हात जोडले, नारळ फोडला आणि घरी सांगितलं, "गुण हाय." दुर्बिणीपुढं कपडे उतरवण्यापेक्षा त्याला हे सोपं वाटलं.

आज त्याच्या आधी एक पोरगी पुढं सरकून बसली. कुरकुंभच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून आलेली त्याचीच लेक, पूनम.

"तू का गं?"

तिनं मान खाली घातली. "मलाबी रक्त जातंय, आप्पा. चार महिनं झालं. सांगायची लाज वाटली. तुम्हाला इथं गुण आला, म्हणून आले."

महाराज शिंगाला तोंड लावणार, तेवढ्यात म्हस्कूनं, दातांवरून मेंढराचं वय बघतात तसा, त्यांचा जबडा दोन बोटांनी दाबला. तोंड उघडलं. गालात दडवलेली गाठ सतरंजीवर पडली. शिंग अजून पोरीच्या पोटाला लागलंही नव्हतं.

"मेंढराची पांथरी हाय ही," म्हस्कू म्हणाला. "मला पयल्या दिवसापास्नं ठावं हुतं. लाजंपायी गप बसलो."

महाराज 'कोप होईल' म्हणत मागच्या दारानं सटकले.

दुसऱ्या दिवशी भरल्या दवाखान्यात म्हस्कू उभा राहिला. "बाई, मला शौचाला रक्त जातंय. पोरीलाबी. आधी तिचं बघा."

पूनमच्या गाठी लहान होत्या, दुर्बिणीतूनच निघाल्या. दरवर्षी तपासणी मात्र करावी लागणार. म्हस्कूची गाठ वर्षभरात वाढली होती, कॅन्सरच निघाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं सगळी भावकी बोलावली.

"रक्त दिसलं की डॉक्टरला सांगा. घरात कुणी आतड्यानं गेलं असंल, तर काय होत नसलं तरी तपासून घ्या. त्या बाबाला शिव्या देऊ नका, मला द्या. माझ्या लाजंपायी माझी पोरगी जात हुती."