कोरा मांजरपाट

आरशात चैतालीला स्वतःचा चेहरा तेवढा ओळखू येत होता. मानेखाली सगळा दगड. काळपट, मधूनच शेवाळलेला, पावसाळ्यात गडाचा बुरूज दिसतो तसा. तिनं हात वर करून पाहिला. कोपर छातीपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं.

“काय झालं?” प्रेरणानं विचारलं.

“काही नाही.”

तेवढं बोलायलाही तिला श्वास पुरला नाही.

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर कॉस्प्लेची स्पर्धा होती. एखादं पात्र घ्यायचं, त्याचा वेश आपल्या हातानं शिवायचा, अंगात घालायचा आणि मंचावर त्या पात्रासारखं वावरायचं. बहुतेकांनी खेळांतले नाहीतर सिनेमांतले योद्धे घेतले होते. चैतालीनं आपल्या मनानं एक बाई रचली होती, गडाची राखणदारीण. तटात दगड होऊन उभी राहणारी, आणि वाट चुकलेलं कुणी दिसलं की दोन्ही हातांनी मशाल डोक्यावर उचलणारी. ते उचलणं म्हणजेच सगळं पात्र. परीक्षक म्हणून पुण्याचे एक वेशभूषाकार आले होते. नाटकांचे, मालिकांचे कपडे शिवणारा त्यांचा मोठा कारखाना होता आणि आजच्या मुलामुलींतून एकाला ते कामावर घेणार होते.

तो एक जण आपण व्हावं, एवढंच चैतालीला हवं होतं.

सोमाटण्यात तिची लीलामावशी देवांचे पोशाख शिवायची. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं. मावशीची बोटं आता नीट वळत नव्हती, सुईत दोरा चैतालीच ओवायची. देवावर तिचा राग नव्हता. पण देवाचं माप कधी बदलत नाही. तीच खिडकी, तेच मशीन, तीच कंबर आणि तेच खांदे, आणि त्यापुढं बसून आपण म्हाताऱ्या झालेल्या, असं तिला डोळ्यांपुढं दिसायचं. मावशीला ते कळत होतं. एकादशीचं कीर्तन सुटल्यावर देवळाच्या पायरीशी चपला शोधता शोधता तिनं विषय मिटवून टाकला होता.

“एकदा जाऊन ये. घेतलं त्यांनी, तर जा बाई. न्हाई घेतलं, तर दसऱ्याला कात्री हातात घ्यायची. मग कुरकुर न्हाई करायची.”

कात्री म्हणजे देवाची कात्री. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. ती फक्त कोऱ्या कापडाला लागायची. पाण्यातून काढलेलं, कुणाच्या अंगाला लागलेलं कापड तिच्या पात्यात कधी आलं नव्हतं. मावशी ती लाल फडक्यात गुंडाळून जाईल तिथं बरोबर न्यायची. आत्ताही ती तयारीच्या खोलीत कोपऱ्यात पिशवी मांडीवर धरून बसली होती आणि दारातून येणारीजाणारी सोंगं मोठ्या मायेनं न्याहाळत होती.

“तो शिंगंवाला बघ गं. वडापाव खातोय, पर शिंगं काढंना.”

“त्याला ती काढता येत नाहीत, मावशी,” प्रेरणा म्हणाली. ती बेगडेवाडीची, चैतालीची कॉलेजातली मैत्रीण. स्पर्धेत स्वयंसेवक होती. “चिकटवलीत.”

चैताली हसली नाही. हसायला बरगड्या हलाव्या लागतात.

कापडासाठी तिनं तळेगावची दुकानं पालथी घातली होती. लायक्रा अंगाबरोबर ताणला जातो, पण दिव्याखाली चमकतो, आणि दगड चमकत नाही. रेक्झिनला कोपरापाशी तडे जातात. मखमलीवर हात फिरला की लव उलटी होते, बुरुजावर बोटं उमटतात. शेवटी तिनं मांजरपाट घेतला. जाड, खरबरीत, रंग धरून ठेवणारा. दोन पदर, मध्ये ताठपणासाठी बकरम, पाठीला सुती नाडी. वरून घट्ट कालवलेला रंग थोपला, तेव्हा मावशीसुद्धा म्हणाली होती, “हात लावला तर गार लागंल असं वाटतंय.”

निवड बरोबरच होती. चुकलं ते पुढं. माणसासाठी शिवायचा मांजरपाट आधी पाण्यात भिजवतात, जेवढा आटायचा तेवढा आटू देतात, मग बेततात. चैतालीनं तो घरी आणला आणि सरळ जमिनीवर पसरून कापला. देवाचं कापड बेतण्याआधी पाण्यात घालायचं नसतं. लहानपणापासून हाताला तेच वळण होतं, आणि हातानं विचारलं नाही की हे कापड कुणासाठी आहे.

सकाळी बागेत फोटोंची फेरी झाली. ढग झाडांच्या खाली उतरले होते. पाऊस म्हणावा असा पडत नव्हता, पण सगळं भिजत होतं. आत आल्यावर प्रेरणानं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि वेश तिच्या अंगावरच वाळवायला घेतला. “ओली राखणदारीण मंचावर पाठवू का?” म्हणाली. गरम वारा लागत गेला तसा मांजरपाट आटत गेला. बकरम आटलं नाही, ते दुमडून कडेनं बरगड्यांत टोचू लागलं. रंगाचा थर आधीच ताठ. भिजलेल्या नाडीच्या गाठी वाळून गारगोटीसारख्या झाल्या.

बाहेर ध्वनिक्षेपकावर नावं पुकारली जात होती. तिच्या आधी तिघं होते.

तिनं पुन्हा हात उचलून पाहिले. एवढ्याच उंचीवर मशाल धरली तर? पण मग ती राखणदारीण कसली, देवळातली दिवा धरलेली बाहुली. तिला घाम फुटला, आणि घामानं कापड आणखीच अंगाला चिकटलं. बोललं तर मावशी म्हणेल, काढ. काढलं तर संपलं.

कोपऱ्यातून मावशी तिच्या खांद्यांकडं बघत होती. आयुष्य कीर्तनात गेलेली बाई. गजर चढत गेला की कुठला टाळकरी दमलाय, हे ती त्याच्या खांद्यांवरून सांगायची. ती पिशवी घेऊन उठली.

“विठ्ठल म्हन.”

“मावशी, आत्ता नको.”

“म्हन.”

“वि…” चैताली म्हणाली आणि थांबली. पुढचं अक्षर बाहेर येईना.

“प्रेरणा, गाठी सोड हिच्या.”

प्रेरणानं नखं लावली, दात लावले. मग धावत जाऊन रिसेप्शनवरची कात्री आणली. ती कागद कापायची, मांजरपाटाच्या दोन पदरांवर नुसती घसरली. चैतालीचे ओठ पांढरे पडत चालले होते.

“नको कापू,” ती कशीबशी म्हणाली. “दोनच नावं राहिलीत. मी जाते तशीच.”

मावशीनं पिशवीतून लाल फडकं काढलं आणि उलगडलं.

“मावशी, ती नको. ती देवाची आहे.”

“गप ऱ्हा.” तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून प्रेरणाचा हात तिनं आपल्या हातावर दाबून धरला. “मानंपासनं. सरळ खाली. कातडीला जप.”

भिजलेलं, घामेजलेलं, अंगावरचं कापड पात्यांत आलं. करकर आवाज झाला. मानेपासून कमरेपर्यंत दगड उभा फाटला आणि पुढं गळून पडला. चैताली गुडघ्यांवर बसली. पहिला श्वास आत जाताना दुखला.

मावशीनं आपली शाल तिच्या पाठीवर टाकली. बाहेर चैतालीचं नाव पुकारलं गेलं. प्रेरणा दाराशी गेली, वळून बघितलं, पुन्हा परत आली. नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव आलं, आणि टाळ्या.

“कोरंच कापलंस व्हय?” मावशीनं जमिनीवरची कड चिमटीत धरून विचारलं.

चैतालीनं होकाराची मान हलवली.

“माझीच सवय ती,” मावशी म्हणाली आणि कड सोडून दिली.

“येते मी घरी,” चैताली म्हणाली. “ठरलंय आपलं. दसऱ्याला घेते कात्री.”

मावशी कात्रीचं पातं पदरानं पुसत होती. ती लाल फडक्यात ठेवायला गेली आणि थांबली. कात्री तिनं चैतालीच्या हातात दिली. नुसतं फडकं घडी घालून पिशवीत टाकलं.

“ही आता देवाच्या कामाची न्हाई ऱ्हायली.”

“मग?”

“मग काय. ठरलं तवा कात्री सोवळी व्हती. देवाला नवी आनू. ती धरायला बी कोन तरी गावंल, आंदर मावळातनं लय पोरी इचारत असत्यात.”

“आणि मी?”

“तू आधी कापड भिजवायला शिक.”

चैताली शाल घट्ट धरून बसून राहिली. बकरमची खूण अजून बरगड्यांवर होती, ती बोटांना लागत होती. कात्री जड होती, इतकी जड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग ती उठली, फाटलेला मांजरपाट गोळा केला, न्हाणीघरात गेली आणि तो बादलीत टाकून वर नळ सोडला. दगडाचा काळा रंग पाण्यात हळूहळू सुटू लागला.

“विठ्ठल,” ती म्हणाली. या वेळी नाव पुरतं बाहेर आलं.