सहाव्या वर्षाची दाढ

कौसल्येनं सात वर्षांच्या ऋषिराजचा जबडा स्वतःच दोन बोटांनी फाकवला आणि डॉक्टरीणबाईंना दाखवला.

“हे बघा, समदं धडधाकट हाय. शाळेनं चिठ्ठी दिली म्हणून आले, न्हायतर भवानीनगरास्नं बारामतीला कोण येतंय दात दाखवायला?”

डॉक्टर रश्मी हसल्या. दवाखाना टाकून त्यांना वर्षही झालं नव्हतं, पण शहाण्णवच्या त्या उन्हाळ्यापर्यंत अशा आया त्यांना पाठ झाल्या होत्या.

“दाढा चांगल्या आहेत, म्हणूनच सांगते. यांच्यावर खोल चिरा आहेत. त्यात पातळ औषध भरलं की ते कडक होतं. मग अन्न अडकत नाही, किडायची भीती कमी होते. सुई नाही, दुखणं नाही.”

“अन् उद्या पडल्यावर? दुधाच्या दातांना कशाला एवढा थाट?”

कौसल्येचं बोलणं असंच, एक घाव दोन तुकडे.

“या चार दुधाच्या नाहीत, वहिनी. सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागं उगवतात. यांच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतही नाही. या कायमच्या.”

“अन् काढली तर?”

“काढली की गेली. पुन्हा येत नाही.”

कौसल्येनं ऋषिराजचा जबडा सोडला. तिची मोठी मुलगी संस्कृती आठ वर्षांची असताना तिची मागची दाढ किडली होती. “भरून घेऊ,” म्हणत नवरा मागं लागला होता. पण कौसल्या कुणाचं ऐकतेय! दुधाची आहे, नवी येईल, म्हणून बाजारात दात काढायला बसणाऱ्या माणसाकडून तिनं ती उपटून घेतली आणि हौसेनं पत्र्यावर फेकली. तीन वर्षं झाली. दर रविवारी पोरीची वेणी घालून झाली की ती हिरडीवर बोट फिरवायची आणि म्हणायची, येतीया, टणक लागतंय.

“मोठीची मीच उपटवली. मी आई का वैरीण?” ती पुटपुटली.

रश्मींनी खुर्चीवरचा दिवा लावला. मग म्हणाल्या, “मोठीलाही आणा. उरलेल्या वाचवू.” आणि त्यांनी ऋषिराजला खुर्चीत बसवलं.

कौसल्या घरी आली तेव्हा संस्कृती जेवत होती. ती पदर न सावरताच तिच्यापुढं बसली.

“तुझी ती दाढ आता यायची न्हाय गं. माझंच चुकलं.”

“मला ठाव हाय. चौथीत बाईंनी दातांचं चित्र दाखवलं व्हतं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तू दर रविवारी बघायचीस की. कसं सांगू?”

कौसल्येनं भाकरीचं ताट तिच्याजवळ सरकवलं. पोरीनंच विचारलं,

“ऋषीच्या चारी दाढांना लावलं का, शाळेच्या चिठ्ठीतलं ते औषध?”

“लावलं.”

“मग बरं झालं,” म्हणत संस्कृतीनं भाकरीचा घास जिभेनं उजव्या गालात सारला आणि त्याच एका बाजूनं सावकाश चावू लागली.